अंड्याचे कवच घडते रात्री

दिवेलागणीला कोंबडी खुराड्यात शिरते, दांडीवर चढून बसते आणि आपल्याला वाटते, झाला हिचा दिवस. अंड्यावरच्या कोंबडीच्या पोटात मात्र तेव्हाच सगळ्यात जड काम चाललेले असते. बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे बाहेर येईपर्यंत साधारण २४ ते २६ तास जातात. त्यातले जवळपास २० तास कवच चढवण्याचे, आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा.

एका कवचाला दोन ग्रॅमहून थोडे जास्तच कॅल्शियम लागते. कोंबडीच्या अंगातल्या एकूण कॅल्शियमचा हा सुमारे दहावा हिस्सा! आणि रात्री तर ती दाणा टिपत नाही. मग ते येते कुठून? थोडे पोटात उरलेल्या खाद्यातून, बाकीचे तिच्या हाडांतून. तलंग पहिले अंडे घालायच्या सुमारे दोन आठवडे आधी तिच्या पायांच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळेच हाड तयार होऊ लागते. रात्री ते विरघळते, दिवसा पुन्हा भरते. (टायरॅनोसॉरस रेक्सच्या एका जीवाश्मात जीवाश्मांच्या अभ्यासक मेरी श्वाइत्झर यांना असेच हाड दिसले. ते त्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले, आणि तो डायनोसॉर मादी असावा असा तर्क त्यावरून निघाला.)

दिवसा ही भरपाई झाली नाही, तरी अंडी लगेच थांबत नाहीत. कोंबडी मूळ हाडांतून उचल करत राहते. कवच पातळ होते, हाडे ठिसूळ होतात, आणि एखाद्या दिवशी दांडीवरून उतरताना छातीचे हाड मोडते. म्हणून ‘आमची कोंबडी कनकी आणि उरलेला भात खाऊन मजेत आहे’ हे ऐकले की मला तिची काळजी वाटते. तांदळात कॅल्शियम जवळजवळ नसतेच. गावठी कोंबडीचे भागते, कारण ती अंडी बेताची घालते आणि दिवसभर उकिरडा, बांध उकरून किडे, वाळवी, कोवळा पाला मिळवते. रानकोंबडी तर वर्षाला दहा-पंधराच अंडी घालते. आपण निवडून निवडून पैदा केलेली संकरित कोंबडी ३०० च्या आसपास घालते. एवढे ओझे आपणच तिच्यावर टाकले आहे, तेव्हा तिला पुरेसे खाऊ घालणे हे आपले कर्तव्यच आहे.

तिला रोज ११० ते १२० ग्रॅम लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीसाठीचे तयार खाद्य, हवे. त्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. शिवाय शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. कोकणात तिसऱ्या केल्या की शिंपल्या धुऊन, वाळवून, कुटून ठेवता येतात. दुपार कलली की कोंबडी त्या भांड्याशी जाते, मोठे तुकडे चोचीने निवडून उचलते. मोठा तुकडा पोटात सावकाश विरघळतो आणि रात्रभर पुरतो. ज्या कोंबडीला गरज नाही ती भांड्याकडे फिरकत नाही, म्हणून चुरा खाद्यात मिसळू नये. वाढत्या पिल्लांना मात्र लेयर खाद्य देऊ नये, जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. आणि बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड थेट फेकून द्यावी. त्यातले अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष यकृत नासवते.

मे महिन्यात चांगले खाद्य देऊनही कवच पातळ पडते, त्याचे कारण श्वासात आहे. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते, त्यात कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो आणि कवचाच्या कॅल्शियम कार्बोनेटला लागणारे कार्बोनेट कमी पडते. उन्हाने खाणेही घटते. दाट सावली आणि माठातले गार पाणी, दिवसातून दोनदा बदललेले, हाच उपाय.

खुराडे हवेशीर हवे. विष्ठेतून निघणारा अमोनिया डोळे आणि श्वासनलिका जाळतो. खाली वाकल्यावर आपल्या नाकाला झोंबला तर तिला तो रात्रभर झोंबतो आहे. जाळी जाड आणि बारीक भोकांची घ्यावी, मुंगूस एवढ्याशा फटीतून शिरते. एक कोपरा कोरड्या मातीचा ठेवावा. कोंबडी त्यात कुशीवर पडते, पंख उघडून माती पिसांच्या मुळाशी घेते आणि मग उठून सगळी झटकते. जुने तेल आणि उवा निघतात. माती नसली तरी ती उघड्या जाळीवर त्याच हालचाली करत राहते, इतकी ती ओढ खोलवरची आहे.

एकटी कोंबडी पाळू नये, असे माझे ठाम मत आहे. नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांची निरीक्षणे केली आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी त्यांच्यातली टोचण्याची उतरंड मांडली. कोण कुणाला टोचते, कोण मुकाट बाजूला होते, हे ठरलेले असते. ते ठरले की भांडणे थांबतात. एकटीला पहारा वाटून घ्यायला कुणी नसते, रात्री अंगाशी ऊब नसते. निदान तिघी असाव्यात.

नवी आणायची तर आठ-दहा दिवस मध्ये जाळी ठेवून शेजारी राहू द्यावी, मग एकत्र सोडावी. खाद्याची आणि पाण्याची भांडी दोन-दोन, एकमेकांपासून लांब ठेवावीत, म्हणजे उतरंडीतल्या शेवटच्या कोंबडीलाही पोटभर मिळते.