पानातल्या विषाणूचा माग: सपाट चित्रापासून त्रिमितीपर्यंत

तंबाखूच्या पानावर फिकट-गडद ठिपक्यांची नक्षी उमटवणाऱ्या रोगाला अडॉल्फ मायर यांनी १८८६ मध्ये ‘मोझॅक’ म्हटले. १८९२ मध्ये दिमित्री इव्हानोव्स्की यांना दिसले, की रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून काढला तरी रोग लावतोच. पुढे त्यांनी रोगट पेशींत स्फटिकही पाहिले. ते कसले, हे कळायला बराच काळ जावा लागला.

१९३९ मध्ये जर्मनीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या रोगाचा विषाणू प्रथमच दिसला: ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड काठी. या काठीत एकाच प्रथिनाचे सुमारे २१३० नग मळसूत्रासारखे रचलेले असतात. तिच्या रचनेवर लंडनच्या बर्कबेक कॉलेजात रोझलिंड फ्रँकलिन यांनी मोलाचे काम केले. पण हा सगळा अभ्यास पानातून काढून शुद्ध केलेल्या विषाणूचा. पेशीच्या आत त्याची प्रथिने काय करतात, हा प्रश्न तसाच राहिला.

अडचण पाहण्याच्या रीतीतच होती. शाळेत आपण कांद्याचा पापुद्रा पाहिला, तो एका पेशीइतकाच जाड. म्हणून सपाट चित्रावर भागले. पानात पेशींचे थरावर थर. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी काप १०० नॅनोमीटरहूनही पातळ लागतो, म्हणजे अख्खी पेशी पाहायची तर शेकडो काप घेऊन एकावर एक जुळवायचे. एकट्या कापाने फसगत होते. पपईवरचा रिंगस्पॉट ज्या पॉटीव्हायरस गटातला, त्या गटाच्या रोगांत आडव्या कापात भिरभिरी दिसतात आणि उभ्या कापात तीच पट्ट्यांची जुडी होते.

दरम्यान १९८७ मध्ये अमेरिकेत रॉजर बीची यांच्या गटाने दाखवले, की तंबाखूच्या या विषाणूला शेजारच्या पेशीत जायला ३० किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे माप) एक प्रथिन लागते. पेशीभित्तिकेतल्या प्लाझमोडेस्माटा नावाच्या बारीक वाटा ते सैल करते, हेही दोन वर्षांत कळले. काम कळले, पण ते पेशीत वावरते कुठे?

इथे दोन गोष्टी जुळून आल्या. मार्विन मिन्स्की यांनी १९५७ मध्ये कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. त्यात एक बारीक छिद्र वरच्या-खालच्या थरांचा धूसर प्रकाश अडवते, त्यामुळे पान न कापता थराथराने चित्रे घेऊन त्रिमितीय आकृती उभी करता येते. लेझर आणि संगणक हाताशी आल्यावर, १९८०च्या दशकात हे यंत्र खऱ्या अर्थाने कामाला लागले. दुसरी गोष्ट जेलीफिशमधले हिरवे चमकणारे प्रथिन. १९९५ मध्ये ते या ३० किलोडाल्टनच्या प्रथिनाला जोडल्यावर पेशीच्या सांगाड्यातल्या सूक्ष्मनलिकांवर हिरव्या रेषा उजळल्या. भित्तिकेवरचा ठिपका खरोखर भित्तिकेत आहे की तिच्या मागे, हे सपाट छायाचित्रात ओळखता येत नाही. थर वेगळे काढल्यावर येते. हरितद्रव्य स्वतः लाल चमकते, ते मात्र गाळून बाजूला ठेवावे लागते.

तरीही सूक्ष्मनलिका म्हणजेच विषाणूचे रूळ, हे अनुमान घाईचे ठरले. प्रथिन नलिकांना फारसे चिकटत नसतानाही विषाणू पसरतो, असे २००२ मध्ये दिसले. मग सूक्ष्मनलिका या नको झालेले प्रथिन हटवण्याची वाट तर नाहीत ना, असा वाद सुरू झाला. शिवाय साध्या प्रकाशाला सुमारे २०० नॅनोमीटरच्या आतले वेगळे दिसत नाही आणि प्लाझमोडेस्माटातल्या एका वाटेची रुंदी साधारण ५० नॅनोमीटर. त्यामुळे ठिपका दिसला, तरी वाटेच्या आत प्रथिन नेमके कुठे बसले आहे, हे पाहायला पुन्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडेच वळावे लागते. फक्त आता एकच काप निरनिराळ्या कोनांतून टिपून संगणकावर त्याची त्रिमिती उभी करतात.