पुढे पळणारा मणी

पाण्यात लॅटेक्सचा एक मणी. व्यास सहा मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा. लेझरच्या झोतात तो चिमटीत धरावा तसा अडकवायचा आणि सावकाश पाण्यातून ओढायचा. पाणी विरोध करतं, त्यामुळे मणी झोताच्या मध्यापासून जरासा मागे रेंगाळतो. ओढायला लागलेलं काम उष्णता होऊन पाण्यात विरतं. उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो तसंच: विरलेली उष्णता आपोआप पुन्हा काम होत नाही.

२००२ साली कॅनबेरातल्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत हा प्रयोग शेकडो वेळा झाला, तेव्हा काही खेपांना मणी चक्क झोताच्या पुढे पळाला. पाण्याचे रेणू त्याला चहूकडून धडका देत असतात. त्या खेपांत मागून बसलेल्या धडका वरचढ ठरल्या आणि पाण्यातल्या उष्णतेनेच मण्याला ढकललं. हा उलटा कारभार सेकंद-दोन सेकंद टिकू शकत होता. रेणूंच्या हिशेबात हे एक युगच!

शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘उल्लंघन’ हा शब्द होता. मला तो जरा भडक वाटतो. हा नियम सरासरीचा आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने एकोणिसाव्या शतकातच सांगितलं होतं.

मग चमच्यातली साखर आपोआप का उचलली जात नाही? इथे मोजमापाचं एकक म्हणजे रेणूंच्या धडपडीची ऊर्जा, बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान. खोलीच्या तापमानाला एका ज्यूलमध्ये अशी सुमारे २४ लाख कोटी कोटी एककं मावतात. दहा एककांची उलटी घटना सुलट घटनेच्या मानाने सुमारे बावीस हजारांत एकदा दिसते. शंभर एककांची? एकावर त्रेचाळीस शून्यं, इतक्यांत एकदा. चमचाभर साखर वीतभर उचलायला एककं लागतात अब्जावधींच्याही अब्जपट.

या उलट्या खेपा निव्वळ गंमत नव्हेत. १९९७ साली क्रिस्तोफर यार्झिन्स्कीने एक समीकरण मांडलं: कितीही घाईने ओढा, लागलेल्या कामाची घातांकी सरासरी (म्हणजे काम जितकं कमी, तितकं त्या खेपेला कितीतरी पट जास्त वजन) काढली, तर सावकाश ओढल्यावर मिळालं असतं तेच उत्तर मिळतं. २००२ मध्येच बर्कलीत आरएनए या पेशीतल्या साखळीसारख्या रेणूचा एकेक नमुना ओढून उलगडताना ते पडताळलं गेलं. या सरासरीत भाव खातात त्या कमी कामात पार पडलेल्या दुर्मीळ खेपा. साहजिकच काम जितकं वाया जाईल, तितक्या अधिक खेपा लागतात, त्याही घातांकी वेगाने वाढणाऱ्या. आरएनएच्या रेणूला शेकडो पुरतात. रबरबँडला विश्वाचं आयुष्यही पुरणार नाही.