नुसत्या सशांवर हिवाळा निघत नाही

‘रॉकी पर्वतात एकटा अडकलेला शिकारी नुसते ससे खाऊन अख्खा हिवाळा काढायचा,’ ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. पोट भरलं की माणूस तगतो, हे वरवर पटतंही. पण जरा हिशेब मांडून बघा.

पोषणमूल्यांच्या तक्त्यात रानसशाचं कच्चं मांस शोधा: 100 ग्रॅममध्ये सुमारे 114 कॅलरी, 22 ग्रॅम प्रथिनं, चरबी जेमतेम 2 ग्रॅम. थंडीत दिवसाला 3,000 कॅलरी धरल्या तर अडीच किलोहून जास्त मांस लागेल, म्हणजे जवळपास 570 ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांतल्या नायट्रोजनचा युरिया करायचं काम यकृताचं, आणि त्याची ताकद याच्या निम्म्याच्या आसपासच संपते. मग मळमळ, जुलाब, डोकेदुखी. आणि तडस लागेपर्यंत खाऊनही भूक तशीच.

एकोणिसाव्या शतकातले बीव्हर (नदीकाठी राहणारा, फरसाठी मारला जाणारा मोठा कृंतक प्राणी) पकडणारे शिकारी चरबीच्या मागे असत ते उगाच नाही. बीव्हरची चरबीदार शेपटी ते भाजून खात, बायसनची (अमेरिकेतल्या रानगव्यासारख्या प्राण्याची) हाडं फोडून मज्जा काढत. पेमिकन या त्यांच्या टिकाऊ शिदोरीत तर कुटलेलं सुकं मांस आणि वितळवलेली चरबी साधारण समसमान. हिवाळा सरताना चरबी झडलेला बायसनही सशाइतकाच फसवा.