आरएफ की ॲव्हरेज बिटरेट: डीव्हीडीची फाईल लहान व्हायच्या ऐवजी फुगते तेव्हा

लग्नाच्या, मुंजीच्या, गॅदरिंगच्या जुन्या डीव्हीड्या आता एकेक करून वाचेनाशा व्हायला लागल्यात (बर्न केलेल्या डिस्कमधला डायचा थर वर्षं गेली की खराब होतो), म्हणून बरेच जण त्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतायत आणि ते आत्ताच करायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण तिथे एक प्रश्न हमखास येतो. डिस्क ४.७ जीबीची, हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या मोफत प्रोग्राममधून एच.२६४ या जास्त दाबणाऱ्या फॉरमॅटमध्ये काढली, वाटलं दीडएक जीबी होईल, आणि फाईल निघाली चार जीबीची, कधीकधी तर मूळ डिस्कपेक्षा मोठी. मग माणूस सेटिंग बदलत बसतो, आणि बहुतेक वेळा गोंधळ एकाच जागी असतो, व्हिडिओच्या टॅबमध्ये शेजारीशेजारी असलेल्या दोन पर्यायांचा: कॉन्स्टंट क्वालिटी म्हणजे आरएफ, आणि ॲव्हरेज बिटरेट, म्हणजे सेकंदाला सरासरी किती बिट्स वापरायचे ते.

दोन्हीकडे आकडाच टाकायचा असतो त्यामुळे दोन्ही सारखेच वाटतात, पण काम एकदम उलटं आहे. आरएफमध्ये तुम्ही एन्कोडरला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागाला, सांगता की दिसायला एवढं चांगलं पाहिजे, साईज किती होईल ती होऊ दे. बिटरेटमध्ये सांगता की एवढीच जागा आहे, दिसायला कसं व्हायचं ते होऊ दे. आरएफ म्हणजे मीटरने केलेली रिक्षा, पोचायचं ठिकाण नक्की पण भाडं रस्ता ठरवणार, आणि बिटरेट म्हणजे खिशात आहेत तेवढ्या पैशांत जाईल तिथपर्यंत जायचं. म्हणून फाईल फुगली की आधी हे बघा की कुठलं बटण दाबलेलं आहे. बिटरेटवर असाल तर सरळ गुणाकार आहे, १५०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट्स) व्हिडिओ आणि १६० चा ऑडिओ, दोन तास म्हणजे ७२०० सेकंद, आठने भागलं (आठ बिट्सचा एक बाइट) की साधारण १.५ जीबी, आणि फाईल त्याच्याच आसपास येणार. दोन तासांच्या दोन वेगळ्या डिस्क, सेटिंग तेच, तरी एक ९०० एमबी आणि दुसरी तीन जीबी आली, तर तुम्ही आरएफवर आहात आणि त्यात बिघाड काही नाही, दुसऱ्या डिस्कमधलं चित्रच तसं आहे.

आता "चित्रच तसं आहे" म्हणजे काय हे नीट बघायला पाहिजे कारण खरी गोम इथेच आहे. नव्वदच्या दशकातल्या लग्नाचं शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर झालेलं असतं, नंतर कोणीतरी ते डीव्हीडीवर चढवलेलं. संध्याकाळचं रिसेप्शन, हॉलमध्ये पिवळा उजेड, आणि शालूच्या लाल रंगात मुंग्या चालल्यासारखे सतत हलणारे ठिपके. तो नॉइज आहे, पण एन्कोडरला ते कळत नाही, त्याच्यासाठी तो प्रत्येक फ्रेमला बदलणारा बारीक तपशील आहे आणि तुम्ही आरएफ १६ देऊन त्याला सांगितलंय की तपशील जपायचा, मग तो बिचारा प्रत्येक ठिपका जपतो आणि त्यात बिट्स ओततो. त्यावर भर म्हणजे डीव्हीडीच्या जुन्या एमपेग-२ कॉम्प्रेशनने आधीच पाडलेले चौकोन, तेही जपले जातात. मूळ डिस्क चार तासांची असेल, म्हणजे ४.७ जीबीत चार तास कोंबलेले, तर तिचा सरासरी बिटरेट ऑडिओसकट २६०० केबीपीएसच्या आसपासच असतो, आणि असल्या नॉइजवाल्या चित्राला कमी आरएफ दिला की नवीन फाईल त्याच्या पुढे सहज जाते. एन्कोडरला मूळ फाईल केवढी होती याच्याशी काही देणंघेणं नसतं.

दुसरी तशीच गोष्ट इंटरलेसिंगची. आपल्याकडच्या डिस्क पाल या टीव्ही पद्धतीच्या असतात, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन फील्ड मिळून झालेली, एकात एकाआड एक ओळी आणि दुसऱ्यात उरलेल्या. डीइंटरलेस, म्हणजे ही फील्ड नीट जुळवणारा फिल्टर, बंद ठेवलंत तर वरातीत नाचणाऱ्यांच्या हातांना कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा येतात, आणि त्या रेघांवरही बिट्स खर्च होतात. तिसरी जागा म्हणजे चित्राच्या तळाची थरथरणारी पट्टी, व्हीएचएसचं हेड बदलतानाची, पूर्वीच्या टीव्हीवर ती काठाखाली लपायची म्हणून कोणाला दिसली नाही, आता दिसते, ती क्रॉप करून टाका, तिथे जपण्यासारखं काही नाही.

म्हणून आरएफवर फाईल मोठी येत असेल तर माझं मत असं की लगेच बिटरेटवर उडी मारू नका. आधी आरएफ किती आहे बघा, डीव्हीडीसारख्या एसडी व्हिडिओला हँडब्रेकवाले स्वतःच १८ ते २२ सुचवतात, आणि आकडा जितका लहान तितकी फाईल मोठी हे उलटं गणित लक्षात ठेवा, एक्स२६४ मध्ये (हा हँडब्रेकमधला एच.२६४ चा एन्कोडर) ढोबळमानाने ६ आकडे खाली गेलं की साईज दुप्पट. मग डीइंटरलेस, मग हलका डीनॉइज म्हणजे नॉइज घालवणारा फिल्टर, त्यातला एनएलमीन्स हळू चालतो पण चेहरे मेणासारखे न करता ठिपके घालवतो, फक्त जोर कमी ठेवा, कारण आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि नॉइज यातला फरक फिल्टरला दरवेळी कळेलच असं नाही.

आणि आरएफचा आकडा एका एन्कोडरमधून दुसऱ्यात तसाच नेऊ नका. एक्स२६४ चे २० आणि एक्स२६५ (एच.२६५ चा एन्कोडर) चे २० एक नाहीत, एनव्हिडियाच्या ग्राफिक कार्डवरच्या एन्व्हेंक या एन्कोडरचे तर अजून वेगळे (आणि हार्डवेअर एन्कोडर वेगाने काम उरकतो पण त्याच दर्जाला सहसा जास्त जागा घेतो), आणि मॅकवरच्या व्हिडिओटूलबॉक्स या एन्कोडरमध्ये तर मोजपट्टीच उलटी आहे, तिथे आकडा मोठा म्हणजे क्वालिटी जास्त.

बिटरेटवाल्यांची फाईल फुगते त्याची कारणं साधी. एक म्हणजे क्वालिटी जाऊ नये म्हणून डिस्कचाच ५००० चा आकडा बघून तो तसाच टाकलेला, मग साईज तीच राहणार, एच.२६४ वापरून काय मिळालं? दुसरं, काही कन्व्हर्टर परस्पर १०८०पी करतात, म्हणजे पाचपट पिक्सेल आणि त्याला साजेसा वाढीव बिटरेट, पण नवीन तपशील शून्य. ५७६ ठेवा, मोठं करायचं काम टीव्ही करतो.

एक गोष्ट दोन्ही पद्धतींच्या बाहेरची आहे आणि ती बघायची राहून जाते, ती म्हणजे ऑडिओ. आरएफ काय किंवा बिटरेट काय, दोन्ही फक्त व्हिडिओपुरते. डिस्कवर ४४८ केबीपीएसचा डॉल्बी ट्रॅक असेल आणि तो पासथ्रू, म्हणजे न बदलता तसाच, ठेवला तर दोन तासांचे ४०० एमबी तिथेच गेले, असे दोन ट्रॅक असतील तर ८००. काही लग्नाच्या डिस्कवर ऑडिओ चक्क एलपीसीएम, म्हणजे अजिबात न दाबलेला, असतो, १५३६ केबीपीएस, म्हणजे डिस्कमधले जवळजवळ १.४ जीबी नुसता आवाज. मंगलाष्टकं आणि सनई कॅमेऱ्याच्या माइकवर रेकॉर्ड झालेली, त्याला १६० चा एएसी पुरतो. फाईल मीडियाइन्फो या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडा, व्हिडिओ आणि ऑडिओ किती किती खातायत ते वेगवेगळं दिसतं, मग अंदाज बांधत बसावं लागत नाही.

मग बिटरेट कधी? साईज खरोखर बांधलेली असेल तेव्हाच. टीव्हीला लावायचा पेनड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, किंवा मावशीला व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायची आहे आणि तिथे हद्द २ जीबीची आहे. तेव्हा वरचा गुणाकार उलटा करा, मिळालेल्या आकड्यातून थोडं कमी धरा आणि मल्टीपास चालू ठेवा, म्हणजे एन्कोडर आधी सगळं बघून घेतो आणि होमासमोर बसलेल्या शांत शॉटमधले वाचलेले बिट्स वरातीला देतो. घरी ठेवायच्या कॉपीला मात्र आरएफच, कारण तिथे एखाद्या डिस्कला अर्धा जीबी जास्त लागला तर लागू दे, जुनी कॅसेट बुरशीने गेलेली असते आणि ही डिस्कही किती दिवस वाचेल सांगता येत नाही.

पूर्ण डिस्क लावायच्या आधी दोनेक मिनिटांचा तुकडा काढून बघा, हँडब्रेकमध्ये रेंज सेकंदांत देता येते, आणि तुकडा निवडताना गुलाबाची फुलं उडणारं सुरुवातीचं टायटल घेऊ नका, ते कॉम्प्युटरवर बनवलेलं असतं, स्वच्छ असतं आणि साईज फसवी लहान दाखवतं. रात्रीच्या वरातीचा तुकडा घ्या.