जुन्या ट्रकचा डिझेल पंप केव्हा बदलायचा
(परतवाडा, धारणी, अचलपूर भागातल्या आमच्या गाडीमालकांसाठी)

सेमाडोहच्या घाटात गाडी दम टाकायला लागली की बरेच भाऊ आल्या आल्या सांगतात, "पंप गेला, नवीन टाका." इंजिनच्या नोझलला दाबानं डिझेल देणारा हा पंप जुन्या गाडीतला महागडा भाग आहे. म्हणून विनंती एकच, त्याला हात लावण्याआधी टाकीपासून सुरुवात करा.

टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र धुळीनं बुजलं, तर डिझेल ओढलं जात नाही आणि गाडी तासाभरानं बंद पडते. झाकण उघडताना 'फुस्स' आवाज आला आणि गाडी पुन्हा लागली, तर दोष तिथंच. हे आम्ही ठासून सांगतो, कारण चूक आमच्याच हातून झाली आहे. एका संत्र्याच्या गाडीचा पंप आम्ही पूर्ण खोलून बांधला, आणि तिसऱ्या दिवशी गाडी माल भरलेली रस्त्यात उभी. दोष झाकणाचा निघाला. मजुरी परत केली, पण उन्हात बसलेला माल परत देता आला नाही.

झाकणानंतर फिल्टर, पाइपचे वॉशर आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) तपासा. रात्रभर उभी गाडी सकाळी हाताचा प्रायमर (डिझेल चढवायचा छोटा हातपंप) मारल्याशिवाय लागत नसेल, तर ती कुठंतरी हवा घेते. पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात. हा सगळा खर्च पंपाच्या मानानं किरकोळ आहे.

मोठा पंप खरंच झिजला असेल तर गाडी वेगळं वागते. सकाळी एका सेल्फवर लागते, पण अमरावतीला पोचून चहा होईस्तोवर गरम गाडी लागत नाही. पंपातला प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (तो ज्यात सरकतो ती नळी) यांच्यामधली फट जेमतेम २-३ मायक्रॉनची, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याएवढी. ती वाढली की गरम होऊन पातळ झालेलं डिझेल तिथून मागं सरकतं आणि सेल्फच्या कमी फेऱ्यांत इंजिनात डिझेल फवारणारं नोझल उघडण्याइतका दाब येत नाही. इंजिन बंद ठेवून पंपावर ओलं फडकं गुंडाळा. तेवढ्यानं गाडी लागली, तर एलिमेंट (प्लंजर-बॅरलच्या जोड्या) झिजले असं धरा. बादलीनं पाणी मात्र ओतू नका, गरम पंप जाम होऊ शकतो.

दोन गोष्टी दिसल्या तर एक दिवसही थांबू नका. पहिली, इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढणं आणि डिपस्टिकला डिझेलचा वास येणं. ऑइल पातळ झालं की बेअरिंग जातात. दुसरी, अ‍ॅक्सिलेटर सोडूनही इंजिनच्या फेऱ्या न उतरणं. अशी गाडी घाटात नेऊ नका.

पैसे घालण्याआधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते) तपासून घ्या. ब्रीदरमधून (इंजिनच्या हवा सोडायच्या नळीतून) जोरानं धूर येत असेल तर इंजिनच थकलंय, नव्या पंपानं ते सुधारणार नाही.

एलिमेंट बदलायचे तर सगळे एकदम बदला, नोझल तपासा आणि टेस्ट बेंचवर प्रत्येक सिलिंडरचं डिझेल सारखं करून घ्या. एकच बदलला तर इंजिन थरथरतं. पूर्ण पंप बदलायची वेळ बॉडी तडकली किंवा कॅमशाफ्टची बैठक खराब झाली तरच येते. भंगारातून आणलेल्या पंपाच्या पट्टीवरचा नंबर तुमच्या इंजिनाशी जुळतो का, ते विकत घेण्याआधी आम्हाला दाखवा.

हे सगळं जुन्या मेकॅनिकल पंपाचं. कॉमन रेल गाडीचा (सगळ्या नोझलना एकाच नळीतून फार मोठ्या दाबानं डिझेल देणाऱ्या नव्या गाडीचा) डिझेलचा पाइप चालू इंजिनवर कधीही सैल करू नका. त्या दाबाची डिझेलची धार कातडीत शिरते.

शंका असेल तर पोळा ते दसरा या दिवसांत गाडी दाखवा. सोयाबीन, कापूस आणि आंबिया बहाराची संत्री एकामागून एक निघाली की गाडी दोन दिवसही उभी ठेवणं जड जातं. काढलेले जुने भाग आम्ही पिशवीत घालून देतो, ते मागून घ्या.