तैवानला पळालं की सुटलो?

इंटरपोलचा सदस्य नसलेल्या देशात पळालं की पोलिसांचा हात पोहोचत नाही, हा समज जुना आणि चुकीचा आहे. इंटरपोलकडे अटक करणारे पोलीस नाहीतच. इंटरपोलची रेड नोटीस म्हणजे फरार आरोपीला शोधून ताब्यात घेण्याची विनंती, वॉरंट नव्हे. अटक स्थानिक पोलीसच करतात.

तैवानचं बघा. 1984 मध्ये चीन इंटरपोलमध्ये आला आणि तैवान बाहेर पडला. तरी 2002 मध्ये अमेरिकेशी गुन्हेतपासातल्या परस्पर साहाय्याचा करार झाला, तोही दूतावास नसताना, प्रतिनिधी कार्यालयांमार्फत. 2009 मध्ये तर चक्क चीनशीच करार झाला! त्यानंतर दोन्हीकडून फरार आरोपी परत पाठवले गेले. शिवाय तैवानचे पोलीस संपर्क अधिकारी परदेशांत नेमलेले असतात.

तोटा आहे तो माहितीचा: चोरीच्या पासपोर्टांची इंटरपोलची नोंद तैवानला थेट तपासता येत नाही.