कॅलिफोर्नियाचं खासगी सोन्याचं नाणं घेण्यापूर्वी

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी दिलेलं किंवा लिलावात घेतलेलं ‘गोल्ड रश’चं (म्हणजे कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर लोकांची झुंबड उडाली त्या काळातलं) नाणं तपासायला बरेच ग्राहक आमच्या पेढीत येतात. नाण्यावर सरकारी टांकसाळीऐवजी एखाद्या पेढीचं नाव पाहून ते खोटं असावं, असा त्यांचा पहिला समज होतो. पेढीच्या नावाची अस्सल नाणीही आहेत, आणि त्यांचा इतिहास माहीत असला तर पैसे वाचतात.

२४ जानेवारी १८४८ रोजी कॅलिफोर्नियातल्या कोलोमा इथे, सटरच्या लाकूडगिरणीच्या पाटात जेम्स मार्शलला सोनं दिसलं. पुढच्या वर्षी माणसांची रीघ लागली, पण व्यवहाराला नाणी पुरेनात आणि टांकसाळी होत्या खंडाच्या दुसऱ्या टोकाला. दुकानदार सोन्याचा चुरा तोलून घेत, तोही औंसाला साधारण १६ डॉलरने. शुद्ध सोन्याचा सरकारी दर होता २०.६७. खाणीतल्या सोन्यात चांदी मिसळलेली असते हे खरं, तरीही खाणकामगार चांगलाच नागवला जाई. राज्यघटनेने नाणी पाडायची मनाई राज्यांना केली होती. खासगी माणसाने सोन्याची नाणी पाडू नयेत असा कायदा तेव्हा नव्हता. म्हणून टंच काढणाऱ्या, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासणाऱ्या पेढ्यांनीच छाप उठवायला सुरुवात केली.

सगळ्या पेढ्या सारख्या नव्हत्या. मोफॅट आणि कंपनीची नाणी लोक विश्वासाने घेत. बाल्डविन आणि कंपनीची गोष्ट वेगळी. १८५१ मध्ये जेम्स किंग ऑफ विल्यम या सावकाराने त्यांची नाणी सरकारी टंचपरीक्षक ऑगस्टस हम्बर्ट यांच्याकडे पाठवली. सोनं सुमारे ३ टक्के कमी भरलं, बातमी छापून आली आणि त्या नाण्यांची पत एकदम गेली. लोकांनी ती वितळवून टाकली. आज ती दुर्मीळ आहेत ती त्यामुळेच. हम्बर्ट यांची स्वतःची ५० डॉलरची अष्टकोनी नाणी सुमारे ८५ ग्रॅमची, जुन्या हिशोबाने सव्वासात तोळ्यांची. त्यांच्यावर ८८०, ८८७ किंवा ९०० असा कस (हजार भागांत शुद्ध सोन्याचे भाग) सरळ कोरलेला असे. ही पद्धत आम्हाला फार मोलाची वाटते: किंमत सांगायची, तर कसही सांगायचा.

सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ १८५४ मध्ये सुरू झाली, १८६४ मध्ये खासगी नाण्यांवर कायद्याने बंदी आली.

टंच कसा काढत?

सोन्याचा छोटा नमुना तोलून त्यात सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी घालत, शिशाच्या पत्र्यात गुंडाळत आणि हाडांच्या राखेच्या वाटीत ठेवून भट्टीत तापवत. शिसं तांब्यासारखे हीण धातू बरोबर घेऊन वाटीत मुरतं, वर सोन्याचांदीचा मणी उरतो. तो ठोकून चपटा करून नायट्रिक ॲसिडमध्ये उकळला की चांदी विरघळते. उरलेलं सोनं तोलायचं. हॉलमार्किंगच्या प्रयोगशाळेत आजही मूळ तत्त्व हेच आहे. सुरुवातीला कॅलिफोर्नियात असं ॲसिड पुरेसं मिळत नव्हतं, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर चांदी वेगळी काढता येत नसे. त्या काळच्या बऱ्याच नाण्यांत ती राहून गेली आहे.

आम्ही काय तपासतो?

ही परीक्षा नमुना कापल्याशिवाय होत नाही आणि जुनं नाणं कापलं की त्याची किंमत गेली. म्हणून आम्ही आधी वजन आणि माप घेतो, मग पाण्यात तोलून घनता काढतो. ९०० कसाच्या सोन्याची घनता १७ च्या आसपास येते, पितळेची साडेआठच्या. शेवटी क्ष-किरण यंत्र लावतो, पण ते फक्त पृष्ठभाग वाचतं. वरच्या मुलाम्याला फसू नये म्हणून नुसत्या त्या आकड्यावर आम्ही कधीच दाखला देत नाही.

सर्वात जास्त फसवणूक होते ती टिकलीएवढ्या नाण्यांत. पाव, अर्धा आणि एक डॉलरची अस्सल छोटी सोन्याची नाणी १८५२ पासून खरोखर निघत होती, पण त्यांच्यावर ‘डॉलर’ किंवा ‘सेंट’ असं मूल्य असतं. मागे अस्वल आहे आणि मूल्य कुठेच नाही, असा तुकडा जवळजवळ नेहमीच नंतरच्या काळातली स्मृतिवस्तू निघतो. अशा तुकड्याला नाण्याचा भाव देऊ नका.

येताना नाणं जसं आहे तसंच आणा. चिंच, लिंबू, पावडर काहीही लावू नका, दागिन्यासाठी कडी जोडून घेऊ नका. खरेदीची पावती किंवा लिलावाचा कागद असेल तर तोही सोबत ठेवा.